टोपण कुणाच्या मुठीत

माघ आला की माझा माणसांवरचा विश्वास उडतो. एरवीही तो काही फार भक्कम नसतो, पण माघात अगदी ताकासारखा पातळ होतो. दूधवाला हसला तर मी पातेल्यात वाकून बघते. नवरा आपणहून 'चहा मी करतो' म्हणाला, तर काय फोडलंय ते शोधायला स्वयंपाकघरात जाते. या वयात स्वभाव बदलत नाही, आणि खरं सांगायचं तर बदलावा असं मला वाटतही नाही. संशयाला एक ऊब असते. थंडीत ती सोडवत नाही.

परवा शेजारच्या बंगाली डॉक्टरीणबाईंची मुलगी पिवळीधमक साडी नेसून दारात उभी राहिली. "काकू, संध्याकाळी प्रसादाला या. आणि आज लिहायचं नाही हं, सरस्वतीपूजा आहे." मी शब्दकोडं सोडवत बसले होते. पेन पटकन पदराआड घातलं. तिनं ते पाहिलं. तिनं पाहिलं हे मी पाहिलं. दोघी अगदी गोड हसलो. ती गेल्यावर मी टोपण शोधायला लागले, तर ते माझ्या डाव्या मुठीत होतं, घामेजलेलं. ही सवय कुठली, ते आमच्या घराबाहेर या नागपुरात कुणाला माहीत नाही.

ती बनारसची. भोसले घाटामागच्या गल्लीत आमचं घर होतं. बनारसच्या थंडीतल्या धुक्याला आम्ही घरात 'कोहरा' म्हणायचो. धुकं हा शब्द माहीत होता, पण तो आम्हाला पाहुण्यांसमोर काढायच्या कपबशीसारखा वाटायचा. घरातलं मराठी रोजच्या वापरातलं, जागोजागी हिंदीचं ठिगळ लावलेलं. सकाळी खिडकी उघडली की समोर गंगा असायला हवी, ती नसायची. वल्ह्यांचा आवाज यायचा, नाव दिसायची नाही. कुणीतरी खोकायचं, माणूस दिसायचा नाही. मणिकर्णिकेकडून लाकडांचा धूर येऊन कोहऱ्यात मिसळायचा आणि कुठला धूर, कुठला कोहरा, हे नाकालाही कळायचं नाही. त्या दिवसांत गल्लीत मलइयो विकायला यायचं. दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात. जिभेवर ठेवला की नाहीसा. खाल्लं की नुसतंच वाटलं, अशी शंका घेऊन माणूस दुसरं कुल्हड मागायचा. मला तर वाटतं, त्या गावानं वर्षातले ते दोन महिने मुद्दाम संशयासाठी राखून ठेवले होते.

नव्वदच्या दशकातला असाच एक माघ. मी चोवीस-पंचवीसची, एका शाळेत मराठी नव्हे, गणित शिकवणारी, आणि लग्न ठरलेली.

आता अप्पांना पुढे आणलं पाहिजे. अप्पा म्हणजे माझे वडील. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेले, उंच, बारीक, कमी बोलणारे. त्यांचं अक्षर हा आमच्या गल्लीतल्या मराठी घरांचा सामायिक दागिना होता. कुठल्याही घरी लग्न ठरलं की पत्रिका छापायला जायच्या आधी एक पत्रिका हातानं लिहिली जायची. ती गणपतीची. देवघरात त्याच्यापुढे ठेवायची, अक्षता वाहायच्या, 'आधी तू ये, मग बाकीचे येतील' म्हणून विनवायचं आणि मगच छापखान्याची पायरी चढायची. ही पहिली पत्रिका लिहायची अप्पांनीच. त्यासाठी त्यांचं एक पेन होतं. काळं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, जाडसर, ड्रॉपरनं शाई भरायचं. निब त्यांनी स्वतः पाण्यात भिजवलेल्या पाटीवर घासघासून तिरकी केली होती, बोरूच्या टोकासारखी. त्यामुळे 'श्री' काढला की वळणावर रेघ भरायची आणि वेलांटीला केसाएवढी बारीक व्हायची. तसा 'श्री' बाजारातल्या कुठल्याच पेनातून निघत नसे.

हे पेन ते कुणाला देत नसत, असं नाही. पोस्टात, बँकेत कुणी "पंडितजी, ज़रा कलम दीजिएगा" म्हटलं की लगेच द्यायचे. पण टोपण स्वतःच्या मुठीत ठेवायचे. मी लहानपणी विचारलं होतं, "असं का?" तर म्हणाले, "उघडं पेन माणसाला खिशात घालता येत नाही. आणि टोपण माझ्याकडे आहे तोवर पेन माझंच आहे." मग त्या माणसाचं लिहून होईपर्यंत त्याच्याकडे असे बघत राहायचे, की बिचाऱ्याची सही चुकायची.

तर माझं लग्न. मुलगा माधव, रेल्वेत, मुगलसरायला नोकरीला. मराठी होता, पण आमच्यातला नव्हता. आणि मुख्य म्हणजे तो मी शोधलेला होता. घरी सांगितलं तेव्हा आई आधी रडली, मग त्याला जेवायला बोलावलं, आणि त्यानं तिसऱ्यांदा कढी मागून घेतल्यावर तिची हरकत संपली. अप्पा मात्र फक्त "बरं" म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर एकेका शब्दाची फोड करून शिकवली, त्याच्या 'बरं'ची मी किती फोड केली असेल! पूर्णविरामासारखं 'बरं'. खाली आपटलेलं नाही, वर उचललेलं नाही. साखरपुडा झाला, अप्पांनी सगळ्यांना पेढे दिले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी दशाश्वमेधाहून परत आले ते म्हणाले, "पेन गेलं."

"गेलं म्हणजे?" आई.

"गर्दीत. कुणीतरी खिशातून काढलं."

"पेन काढलं आणि पाकीट ठेवलं? चष्मा ठेवला?"

"चोर लिहिणारा असेल," अप्पा म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मग घरात संशयाचा जो हंगाम सुरू झाला त्याची बरोबरी दिवाळीच्या फराळाशीच होईल; रोज नवीन काहीतरी तळून निघायचं. आईचा संशय इंदूरहून आलेल्या चुलतभावावर, कारण तो जाताना फार लवकर निघाला होता. मग दूधवाल्यावर, कारण त्यानं पोराला शाळेत घातलं होतं. मग माकडांवर. आमच्या छतावरच्या एका म्हाताऱ्या वानरानं पूर्वी शेजाऱ्यांचा चष्मा पळवला होता, म्हणजे त्याला शिक्षणाची आवड होती हे सिद्धच होतं. आई बरेच दिवस त्याच्या हाताकडे निरखून बघायची.

माझा संशय मात्र घरातच होता. ज्याला पत्रिका लिहायची नसते, त्याचं पेन हरवतं. अप्पांनी तोंडानं 'बरं' म्हटलं होतं, हातानं म्हटलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या मुलींची पत्रिका लिहिली, ज्यांची नावंही त्यांना धड आठवत नव्हती त्यांची लिहिली, आणि पोटच्या मुलीची वेळ आली तेव्हा पेन चोरीला! मी दुसरं पेन आणून दिलं. म्हणाले, निब बोथट आहे. मी चिडून बॉलपेन पुढे केलं. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाला बिडी देत होते. "गणपतीला बॉलपेननं बोलवायचं?" त्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात सारखा कोटाच्या खिशात असायचा. आमच्याबरोबर जेवायला बसणंही त्यांनी सोडलं होतं. आमचं झाल्यावर एकटेच पानावर बसायचे. रागावलेत, दुसरं काय, असं मी माधवला सांगायची. फाल्गुनात लग्न, माघ उजाडला, गणपतीची पत्रिका नाही, म्हणून छपाईही नाही. आई म्हणायची, "असू दे गं, मी लिहिते." पण मला अप्पांचाच 'श्री' हवा होता. नाहीतर ते लग्न मला माझ्या एकटीचं वाटलं असतं.

आणि मग माधव बातमी घेऊन आला. बंगाली टोला या मोहल्ल्यातल्या एका जुन्या वाचनालयात फाउंटन पेनांचं प्रदर्शन भरणार होतं. भिंतीवर हातानं लिहिलेला कागद लागला होता: शौकिनांनी आपापली पेनं घेऊन यावं, दाखवावं, बघावं, पटल्यास अदलाबदल करावी. माधव म्हणाला, "चोरीचं पेन कुठेतरी तर वर येईलच ना?" रेल्वेत असल्यामुळे त्याला हरवलेल्या वस्तूंबद्दल एक भाबडा विश्वास होता. मी जेवताना अप्पांच्या कानावर घातलं. म्हणजे मी जेवत होते, ते दारात उभे होते. त्यांची मान झटकन वळली. "काही जायला नको. सगळे लबाड जमतात तिथे." झालं. मी जायचं तिथल्या तिथे पक्कं केलं.

प्रदर्शनाचे कर्ते होते मिश्राजी, हिंदीचे निवृत्त प्राध्यापक, मोठ्या शालीत हरवलेले. त्यांनी पंचांग उघडून वसंत पंचमीचा दिवस निवडला होता. सरस्वतीचा दिवस, लेखणीचं प्रदर्शन. याहून चांगला मुहूर्त कुठला? फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. वाचनालय बंगाल्यांचं. त्यांच्यात त्या दिवशी सगळी पेनं, दौती, वह्या देवीच्या पायाशी ठेवतात आणि कुणी एक अक्षर लिहीत नाही. मी पोचले तेव्हा दिवाणखान्याच्या एका टोकाला पांढऱ्याशुभ्र सरस्वतीची मूर्ती विराजमान होती, तिच्यापुढे गावातल्या तमाम दौती झेंडूत बुडाल्या होत्या, आणि उरलेल्या दिवाणखान्यात पेनवाले लांब लांब मेजांमागे कोरडे ठक्क बसले होते. मिश्राजी दाराशी प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "क्षमा कीजिएगा, हमने मुहूर्त देखा, मोहल्ला नहीं देखा."

लिहिता येत नाही असं पेनांचं प्रदर्शन! मला इतका आनंद झाला की मी का आले तेच क्षणभर विसरले. तुम्ही तो देखावा डोळ्यांपुढे आणा. बाहेर कोहरा, आत पिवळे दिवे, मफलरमधून फक्त नाकं बाहेर काढलेली पन्नाशी-साठीची माणसं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला चोर समजतोय. पेन खरं की खोटं, निब सोन्याची की मुलाम्याची, हे लिहिल्याशिवाय कळायचं कसं? मग एक जण एबोनाइट अंगठ्यानं घासून वास घेत होता. दुसरा निब डोळ्याशी नेऊन तिला जणू काही विचारत होता. एका वकिलांनी पेन हवेत फिरवून आपली सही केली, तसा मेजामागचा माणूस म्हणाला, "वकील साहब, हवा में तो सब अच्छा लिखते हैं." आणि सगळ्यांच्या, अगदी सगळ्यांच्या डाव्या मुठी बंद. मला आधी वाटलं थंडीनं. मग लक्षात आलं. पेन दुसऱ्याच्या हातात, टोपण स्वतःच्या मुठीत. इथे तर सगळेच अप्पा होते!

मी मेजांवरून डोळे फिरवत चालले. निळी, हिरवी, संगमरवरी पेनं. चांदीच्या जाळीत जखडलेली. एक तर बोटाएवढं इवलंसं, पाकिटात ठेवायचं. शेवटच्या मेजामागे एक गोलमटोल गृहस्थ माकडटोपी घालून बसले होते. त्यांच्यापुढे मोजकीच पेनं, एका जुन्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्यावर मांडलेली. आणि त्यात एक काळं, जाडसर, एबोनाइटचं. त्याला टोपण मात्र मरून रंगाचं. काळ्या माणसानं उसना फेटा घालावा तसं.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

मग मी स्वतःला सावरलं, पदर घेतला आणि हिंदीत विचारलं, "यह कलम कहाँ मिला आपको?"

"मिला नहीं," ते म्हणाले, "आया."

"और यह टोपी? यह तो इसकी नहीं है."

"आपको कैसे मालूम?" त्यांनी माकडटोपी कपाळावर सरकवली. "आपका शुभ नाम?"

मी सरळ सांगितलं असतं तर मी मी नसते. "शुभा पांडे," मी म्हणाले.

"अच्छा. पांडे लोग आजकल 'अगं बाई' बोलता है?"

हे घोषालदा. नंतर कळलं की अप्पा आणि ते त्याच वाचनालयात बरीच वर्षं एका बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. पण त्या दिवशी माझ्या लेखी ते गुन्हेगार होते आणि मला पुरावा हवा होता. काळ्या एबोनाइटची पेनं त्या काळात ढिगानं निघाली होती. दिसायला सगळी एका आईची. फरक फक्त निबेत, आणि निब लिहिल्याशिवाय बोलत नाही. मी म्हटलं, "लिखकर देखूँगी."

दिवाणखान्यातली सगळी नाकं मफलरांसकट माझ्याकडे वळली.

"आज नहीं, माँ," घोषालदा मूर्तीकडे बोट करून म्हणाले. "आज इनका दिन है."

"स्याही से नहीं. पानी से."

आता बनारस म्हटलं की वाद आलाच. पाण्यानं लिहिणं हे लिहिणं धरायचं की नाही? वकील म्हणाले, पेन कागदाला लागलं की लिखाण झालं, कायद्यानं हेतू बघतात. एक म्हातारे बंगाली म्हणाले, मग पोरं ओल्या बोटानं पाटीवर रेघोट्या मारतात त्यालाही मनाई करा. शेवटी मिश्राजींनी शालीतून हात काढून निवाडा दिला, "लिखावट वही जो ठहरे. पानी ठहरता नहीं. पर देवी के सामने नहीं, बाहर जाकर." उरलेल्या दिवसात काहीतरी घडावं म्हणून मिश्राजी वाटच बघत होते असा माझा आजही कयास आहे, कारण ते लगेच साक्षीदार म्हणून बरोबर निघाले.

अशी आमची वरात घाटावर उतरली. पुढे मी, हातात उघडं पेन. माझ्यामागे घोषालदा, मुठीत मरून टोपण, नजर माझ्या मनगटावर. त्यांच्यामागे मिश्राजी, शेंगदाणे खात. कोहरा नुकताच फाटायला लागला होता. पायऱ्या खालून एकेक करून दिसत होत्या. नदीवर पांढऱ्या पक्ष्यांचा गलका होता. मी वाकून एका कुल्हडात पाणी घेतलं, निब बुडवली आणि ऊन लागलेल्या दगडावर टेकवणार, तेवढ्यात घोषालदा किंचाळले, "पत्थर पर नहीं! निब मर जाएगा!" मग मिश्राजींनी उरलेले शेंगदाणे खिशात ओतले आणि खाकी पुडी फाडून सरळ करून माझ्यापुढे धरली.

मी लिहिलं: श्री.

खाकी कागदावर पाण्याची रेघ गडद उमटली. वळणावर भरली. वेलांटीला केसाएवढी बारीक झाली. अक्षर माझंच होतं, वेडंवाकडं, गणिताच्या बाईंचं. पण रेघ अप्पांची होती. आमच्या देवघरातल्या, गल्लीतल्या सगळ्या देवघरांतल्या पत्रिकांवरची तीच रेघ. मी बघत राहिले. उन्हानं आधी वेलांटी नेली, मग उभी रेघ. थोड्या वेळात कागद पुन्हा नुसता खाकी.

"यह मेरे पिताजी का है," मी म्हणाले. माझा आवाज मलाच दचकवण्याइतका मोठा होता.

"जानता हूँ."

"चोरी का है!"

"शुभा माँ," घोषालदा पायरीवर बसले, "चोर को आदमी चाय पिलाता है? तुम्हारा बाबा ख़ुद दिया. चाय पीकर दिया. बोला, रोज़ एक पन्ना लिखना, नहीं तो सूख जाएगा."

म्हणजे माझा संशय खरा होता! माझा विजय झाला होता आणि मला रडू येत होतं. अप्पांनी पेन स्वतःच्या हातानं काढून दिलं होतं. माझी पत्रिका लिहावी लागू नये म्हणून.

"तो फिर मेज़ पर क्यों रखा? सबके सामने?"

"रखने को दिया था. छुपाने को नहीं दिया था."

"और टोपी? टोपी क्यों नहीं दी?"

घोषालदांनी हात पुढे केला. मी पेन दिलं. त्यांनी त्यावर मरून टोपण फिरवून बसवलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या मुलांकडे बघते, उत्तर अगदी समोर असताना.

"पेन जिसका होता है, टोपी उसके पास रहता है," ते म्हणाले. "बाक़ी उससे पूछो."

घाटाघाटानं घरी परतताना मी त्या वाक्याभोवती घिरट्या घालत होते. दशाश्वमेधावर पंडे छत्र्या उघडत होते. मणिकर्णिकेपाशी लाकडं उतरवत होते, त्यांना वाट देत मी उभी राहिले. पेन दिलं, पण टोपण दिलं नाही. म्हणजे दिलं नव्हतंच. परत यायचं होतं ते. पण मग कशाची वाट बघत होते? माझं लग्न होऊन जायची? आणि टोपण ठेवलं कुठे होतं? आमच्या घरात आईच्या झाडू-फडक्यापासून एक टाचणी लपत नाही. मी मनात एकेक फळी, एकेक डबा उघडून बघितला. कुठेच नव्हतं.

अप्पा छतावर उन्हात बसले होते. अंगावर कोट, उजवा हात खिशात. कठड्यावर तो शिक्षणप्रेमी वानर शेपटी सोडून बसला होता. मी मुद्दाम समोरच्या पाटावर जाऊन बसले. अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बोटं दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले.

"कोरी," ते म्हणाले. "पेनांच्या प्रदर्शनाला गेली होतीस ना? तिथून कुणी कोऱ्या बोटांनी परत येतं? खरं सांग, त्या रेल्वेवाल्याबरोबर सिनेमाला गेली होतीस."

"गेलेच होते प्रदर्शनाला. पण आज सरस्वतीपूजा. बंगाल्यांनी लिहूच दिलं नाही कुणाला. सगळ्या दौती देवीपुढे. मिश्राजी म्हणत होते, मुहूर्त पाहिला, मोहल्ला नाही पाहिला. वकील हवेत सही करत होते."

अप्पांना आधी कळलं नाही. मग कळलं. आणि ते हसले. महिन्यामहिन्यांत हसले नव्हते असे हसले, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला. उजवा. खिशातून.

तो हात थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नव्हे. वाऱ्यात पान एका देठावर अडकून हलतं तसा, सारखा, स्वतःच्या मर्जीनं. आणि त्या हाताच्या मुठीत काळं टोपण होतं, सोनेरी कडीचं.

त्यांचं हसू थांबलं. हात तिथेच, गालापाशी राहिला. मी वानराकडे बघत बसले. वानर टोपणाकडे बघत होता. त्या छतावर तिघांपैकी कुणीच कुणाकडे धड बघत नव्हतं.

म्हणजे जेवण वेगळं होतं ते यासाठी. खिसा यासाठी. 'निब बोथट आहे' यासाठी. गल्लीतल्या पोरींच्या पत्रिकांना एखादी रेघ वाकडी गेली असती तर चालली असती. आपल्या मुलीच्या 'श्री'ला ते सोसवणार नव्हतं, आणि ते सांगणं तर त्याहून सोसवणार नव्हतं. इतक्या महिन्यांत आम्ही मायलेकींनी सगळ्या जगावर संशय घेतला, दूधवाल्याच्या पोराच्या शिक्षणावर घेतला. एका हातावर तेवढा घ्यायचा राहून गेला.

मी खूप नाटकं केली आहेत आयुष्यात, पण त्या दुपारी जे केलं ते सगळ्यांत चांगलं वठलं. मी काहीच पाहिलं नसल्यासारखं म्हटलं, "अप्पा, घोषालदा भले माणूस वाटले. आता पत्रिकेला पेन लागेल. उद्या पूजा उठली की आणू का मागून?"

त्यांनी गंगेकडे पाहिलं. कोहरा पार गेला होता. पलीकडची वाळू दिसत होती.

"आण," ते म्हणाले. "पण लिहायचं तू."

"मी? आणि तुम्ही?"

"मी टोपण धरतो."

दुसऱ्या दिवशी मी पेन आणायला गेले, तर घोषालदांनी ते उघडंच दिलं. मरून टोपण त्यांनी आपल्या मुठीत ठेवलं. "काम हो जाए तो वापस. एक पन्ना रोज़ का आदत हो गया है." मी निब रुमालात गुंडाळून, दोन म्हाताऱ्यांच्या मुठींमधलं ते बेवारशी पेन छातीशी धरून घाटाघाटानं आणलं. वाटेत शाई गळली. देवघरापुढे मी पाटावर बसले. आई दारातून म्हणाली, "नवरी स्वतःची पत्रिका स्वतः लिहिते का कुठे?" अप्पा म्हणाले, "लिहिणारी ती. बोलावणारा मी." आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले, इतके जवळ, की त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "धरलंयस कसं? तिरकं. अजून तिरकं. घाई करू नकोस, गणपती कुठे जात नाहीये." मी 'श्री' काढला. पहिला बरा आला. माधवचं नाव खाली घसरलं; अप्पांनी नाक मुरडलं, पण काही म्हणाले नाहीत. त्या नाक मुरडण्याची फोड मी अजून केलेली नाही. करायचीही नाही.

लिहून झालं तशी ते म्हणाले, "बोटं दाखव."

दाखवली. मनगटापर्यंत निळी.

"हं. आता पटलं," ते म्हणाले, आणि टोपण लावायला हात पुढे केला. ते लागेना. आट्यांवर टेकायचं आणि घसरायचं, टेकायचं आणि घसरायचं. मी पेन घट्ट धरायला गेले, तरी जमेना. मग मी हात सैल सोडला आणि त्यांचा हात हलेल तसं पेन हलू दिलं, त्याच तालात, त्याच बाजूला. टोपण आट्यांत बसलं. त्यांनी ते सावकाश फिरवलं, शेवटपर्यंत.

मग ते नीट बसलंय की नाही हे बघायला त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.